जळगाव–भुसावळ पट्टा: कॉरिडॉर आखायचा तर आधी काय आखायचं?

वाघूरकाठ (धागाकर्ता)

जळगाव पूर्वेकडे सरकतंय, भुसावळ पश्चिमेकडे. मधे पंचवीस किलोमीटरच्या आसपास अंतर. त्यात तरसोद, नशिराबाद, साकेगाव आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना "एन.ए. प्लॉट, बुकिंग चालू"च्या पाट्या. या पट्ट्याचा विकास कॉरिडॉर करावा ही चर्चा निघते, पण ती "महामार्ग चौपदरी झाला, आता उद्योग येतील" या वाक्यापाशी येऊन बसते. कुठला सरकारी प्रस्ताव समोर ठेवून हा धागा काढलेला नाही. आखायचाच झाला तर काय मोजावं, काय राखून ठेवावं आणि कुठे फसतं, एवढाच विषय. राजकारण दुसऱ्या धाग्यावर.

माझं म्हणणं आधी मांडतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुना ६) हा या कॉरिडॉरचा कणा धरू नये. तो सुरतेहून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांचा आहे. कणा त्याच्या मागे ४००-५०० मीटरवर, त्याला समांतर ३० मीटर रुंदीचा स्थानिक रस्ता म्हणून काढावा. महामार्गावर फक्त ठरावीक जागीच तोंड उघडावं. हा मागचा रस्ता कागदावर यायच्या आत तिथले गट गुंठ्या-गुंठ्यांनी तुटले, तर तो पुढे कधीच होत नाही.

सातबारा

आधी शब्दाचा घोळ मिटवू. राज्यघटनेच्या २४३-पी अनुच्छेदात "महानगर क्षेत्र" म्हणजे १० लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या. २०११च्या जनगणनेत जळगाव महापालिका साडेचार लाखांच्या वर आणि भुसावळ पावणेदोन लाखांच्या वर. दोन्ही मिळून साडेसहा लाखांच्या आतच. म्हणजे त्या आकड्यांवर महानगर नियोजन समितीचा रस्ता बंद. बातम्यांत काही छापून येवो, कायद्याने हे अजून महानगर नाही.

उरतात ते मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधले:

– प्रादेशिक योजनेत फेरबदल, कलम २०. नवीन योजनाच केली तर कलम १६ प्रमाणे प्रारूप प्रसिद्ध करून हरकतींना किमान चार महिने द्यावे लागतात. योजना प्रसिद्ध झाली की कलम १८ लागू होतं आणि जमिनीचा वापर परवानगीशिवाय बदलता येत नाही.

– कलम ४२-अ पासून पुढचं क्षेत्र विकास प्राधिकरण. दोन शहरं आणि मधली गावं एका छत्राखाली आणायला माझ्या मते हेच बरं.

– कलम ४०चं विशेष नियोजन प्राधिकरण. एमआयडीसी तिच्या अधिसूचित क्षेत्रात असंच काम करते. पण ती कुंपणाच्या आतलं आखते. कामगार कुठे राहणार, ट्रक कुठे उभे राहणार, गटार कुठे जाणार हे कुंपणाबाहेरचं, म्हणून कोणाचंच नाही.

महापालिकेची हद्द वाढवली तर वाढीव भागाची विकास योजना कलम ३४ खाली होते, पण तेवढ्याने साकेगावापर्यंत पोचत नाही. नशिराबादला आता स्वतःची नगरपरिषद आहे, हेही धरा. नाहीतर एकाच नाल्याला तीन संस्थांचे तीन नकाशे लागतील.

रुळांचं गाव

सातबारा, +१. त्यात रेल्वे ही चौथी संस्था आणि ती कोणाचंच ऐकत नाही, हे पण लिहा.

मुरूमखडी

वाघूरकाठ भो, समांतर रस्त्याशी सहमत, पण रुंदीच्या आधी मातीचं बोला. महामार्गाच्या उत्तरेला रेल्वे, रेल्वेच्या पलीकडे असोदा-भादलीची काळी गाळाची जमीन, थेट तापीपर्यंत. दक्षिणेकडे बराच भाग मुरमाड आणि खाली काळा पाषाण. उद्योग दक्षिणेला गेले तर पाया स्वस्त पडतो आणि केळीची जमीनही वाचते.

काळ्या मातीत रस्ता केला तर काय होतं ते इकडे सगळ्यांनी बघितलंय: उन्हाळ्यात कडेला हात जाईल एवढी भेग, पावसाळ्यात फुगवटा, आणि तिसऱ्या वर्षी डांबर लाटेसारखं. या मातीचा सीबीआर (भार पेलायची ताकद दाखवणारा आकडा) भिजवून तपासला की २-३ टक्के येतो. मुक्त फुगवटा निर्देशांक (भिजल्यावर माती किती फुगते तो आकडा) ५० टक्क्यांच्या वर असलेली माती भरावात किंवा सबग्रेडला (रस्त्याच्या थरांखालची पायामाती) वापरायचीच नाही. वरची ५०० मिलिमीटर माती काढून न फुगणारा मुरूम भरायचा, किंवा ३ ते ५ टक्के चुना मिसळून स्थिर करायची. चुन्याचं प्रमाण प्रयोगशाळेत त्याच मातीवर ठरवा, शेजारच्या कामाचा रिपोर्ट झेरॉक्स करू नका. आणि कडेचं गटार रस्त्यासोबतच करा. गटार "पुढच्या टप्प्यात" ढकललं की पाणी सबग्रेडमध्ये शिरतं आणि मग चुना काय करणार.

डांबराची प्रतही बघा. पंचेचाळीस अंशांच्या पट्ट्यात, अवजड वाहतुकीखाली व्हीजी-३० प्रतीचं डांबर मऊ पडतं, चाकोऱ्या पडतात. इथे त्याहून घट्ट व्हीजी-४० लिहा. ट्रक जिथे थांबतात आणि वळतात, म्हणजे चौक, वजनकाट्याचं तोंड, गोदामाचं आवार, तिथे सरळ काँक्रीट.

केळीपट्टा

उत्तरेची जमीन राखायची या मुद्द्याला माझ्याकडून दोनदा अनुमोदन. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या तापीकाठच्या मातीच्या जोरावर. पण मुरूमखडी, दक्षिणेकडची सगळी जमीन "मुरमाड" म्हणून एका रंगात रंगवू नका. वाघूर धरणाच्या कालव्याखाली भिजणारे गट तिकडेच आहेत. नकाशावर आधी लाभक्षेत्राची रेषा टाका, तिच्या बाहेर उद्योग.

दुसरं. कॉरिडॉर म्हटलं की सगळे पाइप, चटई, डाळ मिल, गाड्यांचे सुटे भाग यावर जातात. केळीच्या पॅकहाऊसला काय लागतं ते लिहितो, कारण हा इथला खरा माल.

निर्यातीचा खोका साधारण साडेतेरा किलोचा. ४० फुटी शीत कंटेनरमध्ये असे सुमारे १५४० खोके बसतात, म्हणजे वीस टनांच्या वर. घड शेतातून लटकवून किंवा फोमवर आणायचा, फण्या कापायच्या, तुरटीच्या पाण्याच्या हौदात चीक काढायचा, दुसऱ्या हौदात धुवायचं, वजन, पॅकिंग, मग पूर्वशीतकरण. तापमान १३ ते १४ अंश. १३च्या खाली गेलं की साल आतून तपकिरी पडते, पुढे पिकवताना रंग राखाडी येतो आणि माल परत. आणि पारा चढला की कंटेनर वाटेतच पिकायला लागतो.

नियोजनात याचा अर्थ चार गोष्टी. एक, दोन वेगळ्या फीडरवरून वीज, नाहीतर जनरेटरचं डिझेल सगळा नफा पिऊन टाकतं. दोन, चिकाचं पाणी नाल्यात सोडता येत नाही. ते चिकट असतं, गटार गच्च होतं. पाच-सहा पॅकहाऊस एकत्र बसवून त्यांना एक सामाईक प्रक्रिया टाकी द्या. तीन, दांडे आणि वगळलेल्या फण्या. रोज दहा कंटेनर भरले तर वीसेक टन ओला कचरा सहज निघतो. त्याची खताची किंवा गॅसची जागा त्याच आवारात हवी. चार, ट्रकची वळणत्रिज्या. ४० फुटी ट्रेलरला वळायला बाहेरून १२-१३ मीटर लागतात. ९ मीटरच्या ले-आउट रस्त्यात तो शिरला की रिव्हर्सनेच बाहेर येतो, आणि येताना कोपऱ्यावरचा खांब घेऊन येतो.

वाघूरकाठ

केळीपट्टा, चौथा मुद्दा धाग्याच्या मुळाशी आहे. उद्योगाच्या पट्ट्यात १८ मीटरच्या खालचा रस्ताच ठेवू नये आणि चौकात कोपऱ्याची गोलाई १२ ते १५ मीटरची हवी.

महामार्गाच्या कडेचं थोडं लिहितो. मोकळ्या ग्रामीण भागात मध्यरेषेपासून ४० मीटरवर इमारतरेषा (तिच्या आत बांधकाम नाही) आणि ७५ मीटरवर नियंत्रणरेषा (तिथपर्यंत बांधकामावर निर्बंध) धरतात. महामार्गाची ताब्यातली रुंदी ६० मीटर असेल तर मध्यापासून ३० मीटर सरकारचे, त्यापुढे इमारतरेषेपर्यंत १० मीटर खासगी पण बिनबांधकामाचे. या दहा मीटरमध्ये ७ मीटरचा सेवा रस्ता आणि गटार बसतं. आज त्याच जागेत पत्र्याची टपरी, टायरवाला, ढाब्याची पार्किंग आणि कोणाचं तरी कमानीचं प्रवेशद्वार बसलंय. सेवा रस्ता आखताना हे सगळं "अतिक्रमण" म्हणून काढायला गेलात तर सापडतं असं, की बरेच जण स्वतःच्याच जमिनीत आहेत. म्हणून ही पट्टी नुसत्या नियमाच्या जोरावर मागू नका, योजनेत सेवा रस्ता म्हणून दाखवून मोबदल्यासकट घ्या.

बाह्यवळणाचंही तेच. पाळधी ते तरसोद वळणरस्त्याच्या दोन्ही तोंडांना आत्ताच बंधन घातलं नाही, तर शहर त्यालाही कवेत घेईल आणि मग वळणाला वळण मागावं लागेल.

रुळांचं गाव

आता रेल्वे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव नव्या मार्गाला मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव–मनमाड चौथी मार्गिका (१६० कि.मी.) आणि भुसावळ–खंडवा तिसरी-चौथी मार्गिका (१३१ कि.मी.). म्हणजे या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रूळ वाढणार. कॉरिडॉर आखणाऱ्याने या रेषा आजच नकाशावर घ्याव्यात. जळगावात जालन्याची लाइन जिथून शिरते तिथे निवासी पट्टा रंगवला, तर पाच वर्षांनी भूसंपादनाची फाइल आणि त्याच गटाचा मंजूर ले-आउट एकाच टेबलावर येतात.

मालधक्क्याला जागा किती? एका पूर्ण मालगाडीची लांबी ७०० मीटरच्या घरात. इंजिन सुटायला, गाडी फिरवायला धरून सलग एक किलोमीटर सरळ आणि सपाट पट्टी हवी. चढ शक्यतो १ ला १२०० इतका मवाळ, १ ला ४०० पेक्षा तीव्र तर चालतच नाही. जमिनीची पातळी बघितल्याशिवाय "भादलीजवळ लॉजिस्टिक पार्क" असा गोल काढू नका. गोल काढायला पेन्सिल लागते, धक्क्याला लेव्हल लागते.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते उड्डाणपुलाच्या उताराचं. उद्योग दक्षिणेला, तर उत्तरेच्या गावांतली माणसं रोज रूळ ओलांडणार. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रुळापासून पुलाच्या तळापर्यंत साडेसहा मीटर मोकळी उंची, वर गर्डर आणि स्लॅबचे दोन मीटर. म्हणजे साडेआठ मीटर चढायचं. १ ला ३० उताराने २५५ मीटर, दोन्ही बाजूंना. खाली उतरून वळायची जागा धरली तर प्रत्येक बाजूला ३०० मीटर लांब आणि २४-३० मीटर रुंद पट्टी आजच राखून ठेवा. नाहीतर पूल होतो आणि उतार कोणाच्या तरी दुकानासमोर नव्वद अंशांत मुरडतो. असे पूल कुठे आहेत ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांना माहीत आहेत.

खांबावरचा

नकाशावर अजून एक जाळं टाका. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या. १३२ केव्हीला २७ मीटर, २२० केव्हीला ३५ मीटर, ४०० केव्हीला ४६ मीटर रुंदीची पट्टी धरायची. तिच्याखाली इमारत नाही. टाउन प्लॅनिंगच्या नकाशावर ही रेघ बारीक तुटक असते, त्यामुळे ले-आउटमध्ये तिच्याखाली हमखास "ओपन स्पेस" दाखवतात. पोरांनी तारांखाली क्रिकेट खेळायचं का? ती पट्टी रस्ता, वाहनतळ, रोपवाटिका, कमी उंचीचा सौर प्रकल्प यासाठी धरा (परवानगी घेऊनच) आणि ओपन स्पेस वेगळी मागा.

उंचीचं बंधनही आहे. कुसुंब्याच्या विमानतळामुळे त्या बाजूच्या उंच बांधकामाला, चिमणीला, टॉवरला विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणींच्या परिघातही संरक्षण खात्याला विचारल्याशिवाय रंग भरू नका. हे तीन पडदे (तारा, विमानतळ, संरक्षण) आधी टाकले की मोकळी दिसणारी जमीन बरीच आक्रसते.

मुरूमखडी

दीपनगरचं नाव निघालंच आहे तर राखेचं सांगतो. भरावाला मुरूम आणायला टेकड्या पोखरायच्या आणि शेजारी राखेचे तलाव भरायचे, हे उलटं आहे. राखेचा भराव चालतो, फक्त तीन गोष्टी पाळा. ओलावा प्रयोगशाळेतल्या इष्टतम ओलाव्याच्या जवळ ठेवून ९५ टक्के घनता येईपर्यंत दाबायची. दोन्ही कडांना चांगल्या मातीचं एक ते तीन मीटर जाडीचं आवरण थरासोबतच चढवायचं, भराव पूर्ण झाल्यावर नाही. वरती मातीचा थर देऊन मगच रस्त्याचे थर. कडेचं आवरण मागे राहिलं आणि मधेच पाऊस आला, की राख साखरेसारखी विरघळून जाते. खरं तर विरघळत नाही, वाहून जाते, पण सकाळी बघणाऱ्याला तसंच वाटतं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी कमी पडलं की ती उडून शेजारच्या कापसावर बसते, ती तक्रार वेगळी.

पाणीपट्टी

सगळे रस्ते-रूळ मांडून झाले, आता हिशोब बघा. समजा या पट्ट्यात पुढच्या वीस वर्षांत तीन लाख माणसं वाढतील असं धरून आखणी केली. (हा माझा गृहीत आकडा आहे, अंदाजपत्रक नाही.) भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर. तीन लाखांना ४०.५ दशलक्ष लिटर. गळती १५ टक्के धरली तर उगमापाशी ४७-४८ दशलक्ष लिटर रोज, म्हणजे वर्षाला साडेसतरा दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) आसपास. यात उद्योगाचं पाणी धरलेलं नाही.

हे कुठून? वाघूरवर जळगाव शहर आधीच आहे. तापीवरच्या हतनूर धरणावर वीजकेंद्र, रेल्वे, आयुध निर्माणी, गावांच्या योजना. हतनूरला पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात म्हणून पाणी उदंड आहे असं समजू नका. ते वाहून जाणारं पाणी आहे, आणि धरणात गाळही भरपूर. बिगरसिंचन आरक्षण वाढवलं की ते सिंचनाच्या वाट्यातून जातं. शेतकरी विरोध करतात ते उगाच नाही. भूजलावर तर भिस्त ठेवूच नका, यावल-रावेरची खालावलेली पातळी समोर आहे.

माझा पर्याय सांडपाण्याचा. पुरवठ्याच्या ८० टक्के सांडपाणी धरतात, म्हणजे नव्या वस्तीचं ३२ दशलक्ष लिटर, शिवाय जुन्या दोन्ही शहरांचं. केंद्राच्या २०१६च्या वीजदर धोरणात सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं पाणी वापरावं अशी तरतूद आहे. जळगाव आणि भुसावळ दोन्ही दीपनगरपासून त्या अंतरात बसतात. सांडपाण्याची मुख्य वाहिनी कॉरिडॉरच्या समांतर रस्त्याखालून पूर्वेकडे नेली, तर वीजकेंद्राचं तेवढं हतनूरचं पाणी पिण्याला मोकळं होतं. वाटेत वाघूर ओलांडावी लागते आणि काही ठिकाणी पंपिंग लागेल. म्हणून ३० मीटरच्या रस्त्याच्या छेदात एका बाजूला ३ मीटरची पट्टी फक्त पाइपांसाठी राखा. डांबराखाली पाइप घातला की प्रत्येक गळतीला रस्ता फोडायचा.

वाघूरकाठ

पाणीपट्टी, हा मुद्दा स्वतंत्र धाग्याचा आहे, पण इथेच राहू दे.

पूररेषेचं पुरवणी म्हणून: वाघूर, गिरणा, तापी या नद्यांच्या निळ्या आणि लाल रेषा जलसंपदा विभागाकडून मागून घ्या. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटींवर, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर. खरी अडचण नद्यांची नाही, नाल्यांची आहे. सातबाऱ्यावर नाला "पोटखराबा" (लागवडीला न येणारा भाग) म्हणून दोन-चार आर दिसतो, गाव नकाशावर दुहेरी रेघ असते आणि प्रत्यक्षात कोणीतरी तो सपाट करून १२०० मिलिमीटरचे दोन पाइप टाकलेले असतात. रेल्वेचा भराव आणि महामार्गाचा भराव, दोन्ही दक्षिणेकडून उत्तरेला तापीकडे जाणाऱ्या पाण्याला आडवे. आता तिसरा समांतर रस्ता काढणार असाल, तर त्याच्या मोऱ्या वरच्या-खालच्या भरावांतल्या मोऱ्यांच्या समोरासमोर आणि निदान तेवढ्याच रुंद हव्यात.

नवा गडी

सगळं वाचलं. पण जमीन मिळणार कशी? भूसंपादन म्हटलं की वीस वर्षं कोर्टात.

सातबारा

बरोबर प्रश्न. तीन रस्ते आहेत.

पहिला, सरळ संपादन, २०१३च्या कायद्याने. बाजारभावाला ग्रामीण भागात १ ते २ चा गुणांक, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत १२ टक्के वार्षिक. उड्डाणपूल, प्रक्रिया केंद्र, उपकेंद्र अशा थोड्या जागांना ठीक. पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्याला पैसा कोणाकडे आहे?

दुसरा, विकास योजनेत आरक्षण टाकून वाट बघणं. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत घेतलं नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपतं. छोट्या नगरपरिषदांची बाग-शाळांची आरक्षणं अशीच गळतात.

तिसरा, नगररचना योजना, १९६६च्या कायद्याच्या कलम ५९ पासून पुढे: सगळ्यांची जमीन एकत्र घ्यायची, रस्ते-सोयी काढायच्या, उरलेली भूखंड पाडून मालकांना परत. मला इथे हाच पटतो. एक तुकडा घेऊन दाखवतो.

समांतर रस्त्यालगत ८०० मीटर लांब, ५०० मीटर खोल असा तुकडा घ्या. बरोबर ४० हेक्टर, शंभर एकरांना थोडा कमी. मधून ३० मीटरचा रस्ता ८०० मीटर: २४,००० चौ.मी. आडवे १८ मीटरचे तीन, प्रत्येकी ५०० मीटर: २७,०००. आतले १२ मीटरचे मिळून १,६०० मीटर: १९,२००. छेदांची दुहेरी मोजणी वजा केली की ६८-६९ हजार, म्हणजे १७ टक्के. १० टक्के खुली जागा, १० टक्के दुर्बल घटकांची घरं. उरलेले १३ टक्के शाळा-दवाखाना-बाजार आणि विक्रीचे भूखंड, ज्यांच्या पैशातून रस्ते-गटार होतात. बेरीज ५०. बाकीचे ५० टक्के मालकांना परत, चौकोनी, रस्त्याला तोंड असलेले अंतिम भूखंड म्हणून.

ज्याचा एक हेक्टर गेला त्याला ५० आर मिळतात. त्याचा पहिला प्रश्न: "माझे अर्धे गेले की!" उत्तर असं की ज्याचा गट आत होता, रस्ता नव्हता, बांधावरून बैलगाडी जायची, त्याला १८ मीटर रस्त्यावर तोंड मिळतं. पण महामार्गालगत ज्याचा गट आहे त्याला हे गणित पटत नाही, आणि त्याचं चुकत नाही. त्याला अंतिम भूखंड महामार्गाच्या बाजूलाच द्या. शिवाय किंमत वाढली म्हणून वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान मागता येतं, हे योजनेच्या पहिल्याच बैठकीत सांगा. शेवटच्या बैठकीत सांगितलं तर योजना तिथेच संपते.

नवा गडी

आणि प्रत्यक्षात कुठे अडकतं?

सातबारा

मोजणीत. सातबाऱ्यावरचं क्षेत्र, आकारबंदातलं (भूमी अभिलेखाच्या नोंदवहीतलं) क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र तीन वेगळी निघतात. तीन भावांनी तोंडी वाटणी केलेली असते, पोटहिस्सा मोजलेला नसतो, एकाने त्यातला तुकडा साठेखतावर विकलेला असतो. योजनेत भूखंड कोणाच्या नावे? म्हणून इरादा जाहीर करायच्या आधी सहा महिने घ्या. गावागावांत पोटहिस्सा मोजणीची शिबिरं, वारसनोंदी, मयत खातेदारांची नावं कमी करणं, इतर हक्कातले फिटलेले सोसायटीचे बोजे उतरवणं, भोगवटादार वर्ग २च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनींची वेगळी यादी. इरादा जाहीर झाला की प्रारूप योजनेला कायद्याने नऊ महिने मिळतात. त्या नऊ महिन्यांत ही कामं करायला गेलात तर मुदतवाढीचे अर्ज करत बसाल.

दुसरं अडकण्याचं ठिकाण म्हणजे मंजूर आणि नामंजूर ले-आउट. २०२३च्या अधिसूचनेने शेतजमिनीचं प्रमाणभूत (किमान) क्षेत्र जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे ठरलं. तरी त्याच्या आतले तुकडे नोटरीवर विकले गेलेत. अशी घरं योजनेत पाडायची नाहीत, त्यांच्याभोवती रस्ता वळवायचा. नकाशा कमी देखणा होईल, पण योजना कोर्टात टिकेल.

मुरूमखडी

सातबारा, इथे एक हरकत. सगळीकडे रस्ता वळवत बसलात तर ३० मीटरचा कणा साप होईल. कण्याला वळवायचं नाही, आतल्या १२ मीटरच्यांना वळवा.

सातबारा

मान्य. कण्याच्या आड येणाऱ्या घरांना त्याच योजनेत तयार भूखंड आणि बांधकामाचा खर्च, आधी. हे "आधी" महत्त्वाचं.

केळीपट्टा

एक गोष्ट राहिली. आज जे ले-आउट मंजूर होतायत त्यांचे ९ मीटरचे रस्ते शेजारच्या बांधापाशी संपतात आणि शेवटच्या टोकाला प्लॉट टाकलेला असतो. शेजाऱ्याचा ले-आउट आला की त्याचाही रस्ता तिथेच संपतो. दोन्हींच्या मधे एक भिंत. कॉरिडॉरला प्राधिकरण यायला वेळ लागेल, पण हे बंद करायला प्राधिकरण लागत नाही. मंजुरीच्या अटीतच "रस्ता गटाच्या हद्दीपर्यंत नेऊन मोकळा सोडावा" एवढं वाक्य पुरतं.

खांबावरचा

आणि शिवरस्ते! गावागावांच्या शिवेवरचे पाणंद रस्ते गाव नकाशावर आहेत, जमीन बहुतेक सार्वजनिक वहिवाटीची. समांतर कण्याला आडवे जोडरस्ते म्हणून आधी तेच मोजून हद्दीचे दगड रोवा. दोन्ही अंगांना थोडी-थोडी जमीन घेतली की १८ मीटर होतात.

नवा गडी

ज्याची या पट्ट्यात जमीन आहे आणि जो प्लॉट घ्यायचं बघतोय, त्याने आज काय करावं?

सातबारा

दलालाच्या छापील नकाशावर विश्वास ठेवू नका. गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. मोजणीची क-प्रत (सरकारी मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा) मागा. महामार्गाजवळचा गट असेल तर मध्यरेषेपासून ४० आणि ७५ मीटर कुठे येतात ते टेपने मोजा. गटावरून तारा जातात का ते उभं राहून बघा. फेरफार मागच्या तीस वर्षांचे वाचा.

हरकत नोंदवायची वेळ आली तर "योजनेला विरोध आहे" असं एका ओळीत लिहू नका. गट नंबर, क्षेत्र, नकाशावरचा शेरा, काय बदल हवा, त्याऐवजी रस्ता कुठून जाऊ शकतो, सोबत क-प्रत आणि स्वतःच्या हाताने काढलेला का होईना पण मापांसकट नकाशा. दोन प्रती, एकीवर पोच. सुनावणीला स्वतः जा. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स हरकती एका निकालात निघतात.

रुळांचं गाव

पोचीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक दोन्ही बघून घ्या. नुसत्या सहीची पोच सुनावणीत चालत नाही.

वाघूरकाठ

पुढच्या आठवड्यात तरसोद ते साकेगावच्या गाव नकाशांवर समांतर कण्याची एक कच्ची रेघ टाकून इथे लावतो. नाले निळे, तारा लाल, शिवरस्ते तपकिरी. ज्यांना नशिराबादच्या दक्षिणेकडचे जुने बांध आणि पाटचाऱ्या ठाऊक आहेत त्यांनी रेघ कुठे चुकली ते गट नंबरसकट सांगावं.